घोळाचा केक

आस्गर थोरुपनं नऊ वर्षांत एकदाही घोळाचा केक आणला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला कोण अभिमान!

होब्रो गावातल्या खिडक्या-दारांच्या कारखान्यात बाकी सगळ्यांनी आणले होते. रिवाजच होता तसा. कामात घोळ घातला की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या कॉफीला घरी भाजलेला केक आणायचा, खालच्या कँटीनच्या लांब टेबलावर मधोमध ठेवायचा आणि काय घोळ घातला ते सगळ्यांसमोर सांगायचं. दुकानातला केक चालत नसे. लोक पोट धरून हसत, दोन-दोन तुकडे हाणत आणि विषय तिथंच मिटे. मालकीण रेगित्सेसुद्धा यातून सुटली नव्हती. तिनं एकदा गावच्या पाद्र्याला भलत्याच गिऱ्हाइकाचं दार पाठवलं होतं. भडक गुलाबी. त्या वेळचा तिचा सफरचंदाचा केक लोक अजून आठवतात.

आस्गर मात्र कोरा करकरीत. आणि यंदा त्याचं फळ मिळणार अशी त्याची पक्की खात्री होती. ऑर्डर विभागाची प्रमुख बोडिल जूनच्या या शेवटच्या आठवड्यात निवृत्त होत होती. खिडकीशेजारची तिची खुर्ची, जिच्यावरून थेट फ्योर्डचं, गावापर्यंत आत आलेल्या खाडीचं, पाणी दिसायचं, ती कुणाला द्यायची हे रेगित्से शुक्रवारी सांगणार होती. आधी सगळ्यांना विचारणार होती, वर्कशॉपलाही. विचारू दे की! ज्याची नऊ वर्षांत एक चूक सापडली नाही, त्याच्यापुढे कोण उभं राहणार होतं?

आता चूक सापडली नाही म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. आस्गरच्या टेबलाला एक खोल खण होता. त्यात त्यानं फोनवर घेतलेल्या प्रत्येक ऑर्डरची पिवळी चिठ्ठी तारीखवार लावलेली असे. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, "आस्गर, हे माप जरा चमत्कारिक वाटतंय रे," की गडी खणाला हात घालायचा. मग मेल निघायचा. 'चार तारखेच्या मेलमध्ये मी म्हटल्याप्रमाणे' अशी त्याची सुरुवात, खाली तीन जुने मेल जोडलेले आणि प्रत रेगित्सेला. हो, रेगित्सेला नेहमीच! मेल वाचून समोरचा गप्प बसायचा. तो गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, असं आस्गर धरून चालायचा. भला माणूस हो, मनानं वाईट नाही. लोकांच्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. पण हे एक काही सुटत नव्हतं त्याच्याकडून.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी सिसेलचा फोन वाजला. सिसेल आस्गरच्या समोरच बसायची. येऊन दोनच वर्षं झाली होती. फोन खालून होता, वर्कशॉपच्या पॅलेचा. पॅलेला काही विचारायचं असलं की तो सिसेललाच फोन करी. वर कधी येत नसे. गुडघे दुखतात म्हणे.

"काय सांगतोस!" सिसेल ओरडली. "चौदाच्या चौदा?"

बालवाडीच्या खिडक्या होत्या. चौदा. सुतारानं सकाळी पहिली बसवायला घेतली आणि हातातलं काम टाकून पॅलेला फोन केला. भिंतीतली जागा एकशे अठरा सेंटिमीटर रुंद आणि खिडकी एकशे आठ.

"फटीतून मांजर आत-बाहेर करील म्हणाला," सिसेलनं फोन ठेवून सांगितलं. हसू आणि रडू दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदमच आलं होतं. "एप्रिलमधली ऑर्डर. आस्गर, फोन तू घेतला होतास ना? मग तू चार वाजता निघालास आणि तुझी चिठ्ठी बघून कॉम्प्युटरवर चढवली मी."

"चढवली तू," आस्गर म्हणाला.

"म्हणजे माझ्याच बोटांनी घोळ घातला. तू काय बाबा, तू कधी चुकत नाहीस."

हे ती साध्या मनानं बोलली. आस्गरनंही ते साध्या मनानंच घेतलं आणि लगेच तिला मेल लिहायला बसला. 'मार्चमधल्या मेलमध्ये मी म्हटल्याप्रमाणे, मापं चढवताना दोनदा वाचावीत.' प्रत रेगित्सेला. शुक्रवार तीन दिवसांवर आलेला. अशा वेळी कागद स्वच्छ असलेला बरा, एवढाच त्याचा विचार. पोरीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नव्हतं.

बुधवारी सकाळी सिसेल केक घेऊन आली. खाली मऊ स्पंज आणि वर खोबरं-ब्राउन साखरेचा चिकट, चमकदार थर, आणि त्यात खोचलेला, वाढदिवसाच्या केकवर असतो तसा कागदी झेंडा. घोळाचा केक असून झेंडा! टेबलाभोवती वरचे-खालचे मिळून पंधराएक जण जमले.

"तर मंडळी," ती उभी राहून म्हणाली, "बालवाडीतल्या पोरांना मी दहा सेंटिमीटर जास्तीची हवा मिळवून दिलीय."

असा काही हशा पिकला, की थर्मासची झाकणं थरथरली. मग जो तो आपापलं सांगायला लागला. बोडिलनं वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या सासूच्याच घराला उलटं दार कसं पाठवलं, ते ती अडतिसाव्यांदा सांगत होती. ऐकणारेही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. पॅले म्हणजे दाढीवाला, डोंगरासारखा माणूस. तो सिसेलच्या पाठीवर थोपटून म्हणाला, "कर गं घोळ खुशाल. केक असा असेल तर महिन्याला एक कर!"

आस्गरही हसला. त्याला वाटलं, या टेबलावर सगळ्यांकडे सांगायला काहीतरी आहे आणि आपल्याकडेच काही नाही. पण हा विचार त्यानं झटकला आणि नेहमीसारखी बशी उचलून वर निघाला. जिना चढता चढता ठरवलं, की ती पिवळी चिठ्ठी मेलला जोडून टाकावी म्हणजे प्रकरण पुरतं बंद. जागेवर बसला, एका हातात केकचा तुकडा, दुसऱ्या हातानं खण उघडला. एप्रिल. बालवाडी. चौदा नग.

रुंदी एकशे आठ.

अक्षर त्याचंच. आठाची वरची वाटोळी गाठ खास त्याचीच.

हातातला केक हातातच राहिला. त्यानं चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. एकशे आठ ते एकशे आठच. मग सुताराचा एप्रिलमधला मेल शोधून काढला. फोननंतर त्यानं खात्रीसाठी पाठवलेला, आणि आस्गरनं न उघडलेला. त्यात स्पष्ट एकशे अठरा. सिसेलनं जे पुढ्यात होतं ते जसंच्या तसं चढवलं होतं. आणि तिच्या घोळाचा केक आत्ता आपण खातोय! लाज म्हणजे काय चीज असते, ते त्याला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पहिला विचार काय आला असेल? चिठ्ठी फाडावी. खोटं कशाला बोला, तोच आला. कुणी मागितली नव्हती, कुणी मागणारही नव्हतं. विषय तर केकबरोबर संपलासुद्धा होता. चिठ्ठी घडी करून त्यानं शर्टाच्या खिशात घातली आणि दिवसभर तो छातीला हात लावून ती आहे ना, ते बघत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन मागच्या काचघरात गेला. ते पॅलेचं काचघर. परत आलेल्या, कुठेच न बसलेल्या खिडक्या जोडून त्यानं वर्कशॉपच्या मागे उभं केलेलं. एक खिडकी बुटकी, एक लांबोडकी, पण आत काय टोमॅटो व्हायचे! आस्गरला ती जागा फार आवडे. कुणी पाहुणे आले की तो आवर्जून दाखवायला न्यायचा, जणू त्यानंच बांधलंय. आज बाहेर बालवाडीच्या चौदा खिडक्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या वरच्या कडेला पेन्सिलीनं 'सिसेल' लिहिलेलं होतं. ज्याची ऑर्डर त्याचं नाव, अशी वर्कशॉपची पद्धत.

"आता उत्तरेला वाढवतो," पॅले पाणी घालता घालता म्हणाला. "काकड्या लावीन म्हणतो."

"पॅले," आस्गरनं काळ्या राय-ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. "शुक्रवारचं... तुला विचारलं रेगित्सेनं?"

"विचारलं की."

"मग?"

"मग सांगितलं." एवढं बोलून पॅले दुसरी झारी भरायला गेला.

घरी आस्गरनं बायकोला, ग्रूला, सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"अरे मग सांगून टाक ना उद्या," ती म्हणाली.

"सांगणारच आहे. शनिवारी. म्हणजे सोमवारी. शुक्रवार तेवढा जाऊ दे."

"म्हणजे खुर्ची मिळाल्यावर!"

"तसं नाही गं. नऊ वर्षांचं नाव आहे माझं तिथे. एका आकड्यापायी..."

ग्रूनं सुरी खाली ठेवली. "आस्गर, एक विचारू? आपलं भांडण झालं की तू फोन काढून मला माझे जुने मेसेज वाचून दाखवतोस. मी गप्प बसते. तुला काय वाटतं, मला पटलेलं असतं म्हणून?"

"मग?"

"कंटाळा येतो रे! कोण डोकं फोडणार तुझ्याशी!"

चांगलंच लागलं ते आस्गरला. राग आला, मग रागावण्यासारखं काही सापडेना म्हणून तो आणखी चिडला. मग उठला आणि म्हणाला, "खोबरं आहे का घरात?"

केक त्यानं एकट्यानंच केला. ग्रूनं बोट लावलं नाही, फक्त खुर्चीवर बसून टोमणे मारले. स्पंज एका बाजूला फुगला, दुसऱ्या बाजूला बसला. वरचं खोबरं करपलं ते इतकं, की धूर जायला दारं-खिडक्या उघडाव्या लागल्या. "तुमच्याच कारखान्याच्या खिडक्या," ग्रू म्हणाली, "उघडतायत तरी व्यवस्थित."

गुरुवारी साडेनऊला त्यानं तो काळा-तिरका प्रकार टेबलावर ठेवला. आधी कुणाला उमगेच ना. बोडिल म्हणाली, "वाढदिवस आहे का रे तुझा?"

"नाही. घोळाचा आहे."

बोडिलनं तोंडाला लावलेला कप खाली ठेवला. आस्गरनं खिशातून पिवळी चिठ्ठी काढली आणि टेबलावर सरळ केली.

"बालवाडीचा आकडा मी चुकीचा लिहिला. सिसेलनं बरोबर चढवला. काल मला कळलं, आणि मी ते दिवसभर खिशात घेऊन फिरलो. मंगळवारचा तो मेलही..." तो सिसेलकडे वळला. "सिसेल, तो मेल मी पाठवायला नको होता. माफ कर मला."

"अरे, त्यात काय एवढं," सिसेल म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते. मेल तिला लागला होता तर.

पॅलेनं सुरी घेतली, एक तुकडा कापला, करपलेल्या खोबऱ्यासकट तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"वाईट आहे," तो म्हणाला. "फार वाईट आहे. चल माझ्याबरोबर."

काचघरात नेऊन त्यानं आस्गरला दक्षिणेच्या भिंतीपुढे उभं केलं. टोमॅटोचे वेल बाजूला सारले आणि एका खिडकीच्या वरच्या कडेवरची धूळ अंगठ्यानं पुसली. पेन्सिलीचं अक्षर फिकं झालं होतं, तरी वाचता येत होतं. 'आस्गर'. शेजारची पुसली. 'आस्गर'. तिच्या खालची. 'आस्गर'. अशा अकरा.

"ही सगळी भिंत तुझी," पॅले म्हणाला. "पहिल्या दीड वर्षातली. ऊन इथंच येतं सगळं. टोमॅटो तुझ्याच जिवावर होतात म्हण ना."

आस्गर उलट्या बादलीवर बसला. पाहुण्यांना हौसेनं दाखवायचा, ती ही भिंत.

"मला सांगितलं का नाहीस, पॅले?"

"सांगितलं होतं. पहिल्या तीन वेळा जिना चढून आलो होतो वर. दर वेळी तू मेल पाठवलेस. जोडपत्रं काय, प्रती काय."

"पण ते मेल बरोबर होते!" सवयीनं तोंडातून गेलंच.

"होते की. खिडक्या तेवढ्या बसल्या नाहीत."

आस्गरनं खालच्या खिडकीवरचं आपलं नाव बोटानं चाचपलं.

"मग मी वर यायचं सोडलं," पॅले पुढे म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त झोंबत होतं. "तुझी ऑर्डर आली की मीच गिऱ्हाइकाला फोन करतो आणि मापं परत विचारून घेतो. गेली साडेसात वर्षं. अर्धा दिवस जातो कधी कधी, पण मेल वाचण्यापेक्षा बरं."

"मग बालवाडीच्या वेळी का नाही केलास?"

"त्या ऑर्डरवर सिसेलचं नाव होतं." पॅलेनं खांदे उडवले. "सिसेलच्या ऑर्डरी मी तपासत नाही. ती चुकली तर सांगते."

म्हणजे नऊ वर्षं ज्याला तो आपलं नाव समजत होता, ते खाली एक माणूस मुकाट्यानं फोन करत बसल्यामुळे टिकलं होतं. आस्गरला रडू येईल असं वाटलं, आणि चाळीस वर्षांवरच्या माणसानं टोमॅटोत बसून रडणं बरं नव्हे म्हणून त्यानं खाकरून घसा साफ केला.

"पेन्सिल आहे?" त्यानं विचारलं.

पॅलेनं कानामागची काढून दिली. आस्गर बाहेर गेला. चौदा खिडक्यांवरचं 'सिसेल' त्यानं एकेक करून खोडलं आणि प्रत्येकीवर स्वतःचं नाव लिहिलं. सगळ्या होईपर्यंत पॅले झारी हातात घेऊन तिथंच उभा होता.

शुक्रवारी रेगित्सेनं खुर्ची सिसेलला दिली.

आस्गरला वाईट वाटलं. वाटायचंच! कबुली दिली की बक्षीस मिळतं, अशी काहीतरी वेडी आशा त्याच्या मनात कुठेतरी होती. रेगित्सेनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "निर्णय बुधवारीच झाला होता, आस्गर. वर्कशॉपला ज्याच्याशी बोलता येतं असं माणूस हवं होतं मला." तो मान डोलावत राहिला. मग सिसेलला हात मिळवला आणि तिची कुंडी नव्या टेबलावर नेऊन ठेवायला मदत केली. घरी जाताना गाडीत मात्र एकदा स्टिअरिंगवर जोरात हात आपटला. नऊ वर्षं फ्योर्ड बघण्याची स्वप्नं बघितली होती त्यानं.

सोमवारपासून काम पुन्हा सुरू झालं. जुलैतली उन्हाळ्याची सुट्टी आली, गेली. बोटांना सवय ती, 'मी म्हटल्याप्रमाणे' एवढं लिहून व्हायचं, मग पुसायचा. कधी पुसायला विसरायचाही. सवय कुठे एका केकनं जाते?

ऑगस्टच्या एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश, दर पायरीला एक सुस्कारा. दार उघडलं आणि पॅले आत आला, हातात टेप आणि ऑर्डरचा कागद. सिसेलनं आपल्या नव्या टेबलावरून मान वर केली. त्याला जिना चढून आलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तो तिच्या टेबलाजवळ थांबला नाही. सरळ आस्गरपुढे येऊन उभा राहिला आणि कागद पुढ्यात ठेवला.

"आस्गर, या दाराची मूठ तू डावीकडे घेतलीयस. घराच्या त्या अंगाला भिंत आहे. बघ एकदा."

आस्गरचा हात आपोआप खणाकडे गेला. बोटं मुठीला लागली सुद्धा. पिवळी चिठ्ठी आत होती, कदाचित तिच्यावर उजवीकडे लिहिलेलं असेल, कदाचित गिऱ्हाइकानंच घोळ केला असेल. मग त्याची नजर पॅलेकडे गेली. पॅले टेबलाला टेकून धापा टाकत होता, आणि एक हात त्याच्या गुडघ्यावर होता. गुडघे खरंच दुखत होते तर त्याचे.

आस्गरनं खणावरचा हात काढला.

"हो रे," तो म्हणाला. "चुकलंच. बरं झालं सांगितलंस."

"उद्या साडेनऊला," पॅले म्हणाला. "आणि या खेपेला खोबरं करपवू नकोस, बाबा. माझे दात आता तसे राहिले नाहीत."

सिसेल खुदकन हसली. आस्गर उठला, स्वतःची खुर्ची पॅलेपुढे सरकवली आणि त्याच्यासाठी कॉफी आणायला खाली गेला. जिन्यात मध्येच थांबून त्यानं बाहीनं डोळे पुसले. साडेसात वर्षांनी पुन्हा एखादी चूक त्याच्या तोंडावर सांगायला कुणीतरी जिना चढून आलं होतं.